रातांब्याची परीक्षा

चि. मुक्ता हिस,


पीएच.डी.साठी कोकमाच्या फळातली औषधी रसायनं हा विषय पक्का झाला, हे वाचून फार बरं वाटलं. सोबत पाठवलेला आराखडाही सावकाश वाचला. त्यात चाचण्या भरपूर आहेत. आधी रंगपरीक्षांचा मोठा तक्ता, मग एकूण फिनॉल, एकूण फ्लेवोनॉइड, डीपीपीएच, चार जिवाणू आणि शेवटी कर्कपेशींची एक चाचणी. पण हे सगळं कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी करायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही. औषधी फळांवरचं पुष्कळसं काम आज याच साच्यातून निघतं. फळाचं नाव तेवढं बदलतं. तू त्या साच्यात अडकू नयेस असं मला कळकळीने वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे.

आधी तो रंगपरीक्षांचा तक्ता घे. 'अल्कलॉइड अधिक, टॅनिन दोन अधिक, सॅपोनिन उणे.' ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण घातल्यावर नारिंगी साका बसला की अल्कलॉइड, फेरिक क्लोराइडने निळा-काळा रंग आला की टॅनिन, हलवल्यावर फेस टिकला की सॅपोनिन. क्रोमॅटोग्राफी हाताशी नव्हती त्या काळात या परीक्षांनी रसायनशास्त्रज्ञांना वाट दाखवली, आणि अनोळखी वनस्पतीचा अर्क पहिल्यांदा पाहताना आजही त्या उपयोगी पडतात. पण त्या फसवतातही. अर्कातली प्रथिनंसुद्धा ड्रॅगेनडॉर्फला साका देऊ शकतात. आणि कोकम काही अनोळखी नाही. त्याच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे, गार्सिनॉल नावाचं पिवळं संयुग आहे, लाल रंग देणारी सायनिडिनची दोन ग्लायकोसाइडं आहेत. बियांत स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांची चरबी आहे. ज्यांच्या रचना रेणूच्या शेवटच्या बंधापर्यंत माहीत आहेत, त्यांच्याबद्दल 'अधिक' आणि 'उणे' लिहिण्यात एक वर्षही घालवू नकोस. तो तक्ता काढून टाक.

योग्य प्रश्न विचारून केलेली परीक्षा कशी असते, ते कोकमाच्याच घराण्यात पाहायला मिळतं. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, म्हणजे गार्सिनिया कॅम्बोजिया, हिच्या फळातलं आंबट आम्ल पूर्वी टार्टरिक आणि सायट्रिक समजलं जायचं. चव आंबट, नेहमीच्या परीक्षांना प्रतिसादही तसाच. कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकांतन यांना ती आली. त्यांनी क्रोमॅटोग्राफीने ते आम्ल वेगळं केलं, आणि १९६५ साली ते हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असल्याचं दाखवून दिलं. शंका एकच होती: ज्याला आपण सायट्रिक म्हणतो ते खरंच सायट्रिक आहे का? तिच्यातून पुढच्या कित्येक दशकांचं संशोधन उभं राहिलं. तुझ्या प्रबंधालाही अशी एखादी शंका हवी.

आता फळांकडे वळू. प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधी निम्मं काम झाडाखाली होतं, आणि तिथे झालेली चूक पुढे कोणतंही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. परागीकरण परस्परांत होतं, त्यामुळे बियांपासून वाढलेल्या झाडांमध्ये विलक्षण फरक पडतो. एकाच परसातल्या दोन झाडांपैकी एकाची फळं काळपट लाल आणि जाड सालीची, दुसऱ्याची फिकट आणि पातळ सालीची, हे तू पाहिलेलं असशीलच. तेव्हा 'बाजारातून दोन किलो रातांबे आणले' अशी सुरुवात करू नकोस. झाडं निवड, प्रत्येक झाडाला क्रमांक दे, जागा आणि तारीख लिहून ठेव आणि प्रत्येक झाडाची फळं वेगळी ठेव. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती काढल्या आहेत. त्यांची कलमी झाडं आपापल्या जातीत एकसारखी असल्याने तुलनेला चांगला आधार मिळेल. फांदी, पानं आणि फुलं यांचा नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात किंवा आघारकर संस्थेत ओळख पटवून वनस्पतिसंग्रहात जमा कर आणि त्याचा क्रमांक प्रबंधात छाप. उद्या कुणी तुझ्या निष्कर्षावर शंका घेतली तर तो वाळलेला नमुनाच तुझी बाजू मांडेल. सुकवलेल्या सालीच्या भुकटीत कोकम कोणतं आणि त्याची भावंडं कोणती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

फळ कोणत्या अवस्थेत तोडलं, तेही लिही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा गोळा करणारी माणसं बाळहिरडा आणि पिकलेला हिरडा कधी एकत्र करत नाहीत. दोन्हींचा भाव वेगळा आणि उपयोगही वेगळा. शोधनिबंधांत मात्र 'पक्व फळे' एवढंच छापलेलं असतं. कोकमात हिरव्या फळापासून गर्द लाल फळापर्यंत अँथोसायनिनचं प्रमाण सतत बदलत असतं. रंगाच्या तीन-चार अवस्था ठरवून तेवढ्यांचा जरी नीट अभ्यास केलास, तरी तो बागायतदाराच्या आणि प्रक्रिया करणाऱ्याच्याही उपयोगी पडेल.

सुकवणं आणि अर्क काढणं यांवर तुझ्या आराखड्यात एकच ओळ आहे: '६० अंशांवर सुकवून मिथेनॉलमध्ये सॉक्सलेट'. इथे मला तुला थांबवावंसं वाटलं. अँथोसायनिनला उष्णता सोसत नाही, उजेडही सोसत नाही. सॉक्सलेटमध्ये अर्क तासन् तास उकळत राहतो. शेवटी जे हाती येईल ते उकळलेल्या कोकमाचं चित्र असेल. हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लही तापवल्यावर बऱ्याच अंशी लॅक्टोनमध्ये बदलतं. एचपीएलसीवर दोन वेगळी शिखरं दिसतात, आणि त्यातलं एकच मोजलं तर निम्मा हिशेब सुटतो. दोन्ही मोज, दोन्ही छाप. शक्य असेल तिथे थोडी साल गोठवून कोरडी कर आणि ती सुकवलेल्या सालीशी ताडून पाहा. आमसुलावर काम करणार असशील तर आणखी एक पेच आहे. साल मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात, म्हणून आमसुलाच्या वजनात मीठही असतं आणि सुकलेला रसही. ओव्हनमध्ये सुकवलेल्या कोऱ्या सालीशी त्याची 'दर ग्रॅम' तुलना केलीस तर ती तुलनाच चुकीची ठरेल.

द्रावक निवडताना लोक फळ कसं वापरतात ते आधी पाहा. घरात कुणी मिथेनॉलमधून कोकम घेत नाही. आमसूल पाण्यात भिजवतात, आगळ मिठात मुरवतात, सोलकढीत नारळाचं दूध घालतात. आम्ल आणि लाल रंग पाण्यात उतरतात; गार्सिनॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात आणि हेक्झेनसारख्या द्रावकात उतरतं. मग सोलकढीतल्या नारळाच्या स्निग्धांशात सालीतलं गार्सिनॉल किती उतरतं? हा प्रश्न माझ्या डोक्यात बराच काळ आहे. तुला पटला तर घे. साधा आहे, मोजता येण्याजोगा आहे आणि त्याचं उत्तर रत्नागिरीपासून काणकोणपर्यंत प्रत्येक स्वयंपाकघराला हवंसं वाटेल.

आता चाचण्यांविषयी. प्रत्येक चाचणी हाती घेण्याआधी स्वतःला विचार: हाच आकडा आणखी कशामुळे येऊ शकेल? कोकमाच्या बाबतीत हे विचारणं फारच गरजेचं आहे, कारण हे फळ एकाच वेळी लाल, आंबट आणि क्षपणकारी आहे, आणि या तिन्ही गुणांमुळे नेहमीच्या चाचण्या गोंधळतात.

डीपीपीएचचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. तो जितका फिका पडेल तितकी ऑक्सिडीकरणविरोधी शक्ती जास्त. पण आम्लातलं सायनिडिनही त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतं. म्हणजे डीपीपीएचचा रंग उतरत असताना कोकमाचा स्वतःचा लाल रंग मोजमापात भर घालतो, आणि फळाची शक्ती आहे त्यापेक्षा कमी दिसते. यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएच न घातलेला अर्क वेगळा मोजायचा आणि त्याचं शोषण वजा करायचं. लाल-जांभळ्या फळांवरचा निबंध हातात आला की ही वजाबाकी केली आहे का, ते मी सगळ्यांत आधी पाहते.

फोलिन-सिओकाल्टो चाचणीला आपण 'एकूण फिनॉल' म्हणतो, पण ती मोजते क्षपण करण्याची क्षमता. क जीवनसत्त्व, क्षपणकारी शर्करा, सगळ्यांनाच ती होकार देते. साखर घातलेल्या अमृत कोकमावर ती चालवलीस तर फिनॉल कुठे संपले आणि इतर काही कुठे सुरू झालं, ते सांगता येणार नाही. आवळ्याचंही असंच झालं. क जीवनसत्त्वाचं अनुमापन इंडोफिनॉल रंगाने करतात, आणि त्या रंगाचं क्षपण दुसरी द्रव्यंही करू शकतात. एचपीएलसीच्या काही पद्धतींतसुद्धा आवळ्यातले म्युसिक आम्लाचे गॅलेट क जीवनसत्त्वाच्या जोडीनेच बाहेर पडतात. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाचे जुने आकडे म्हणूनच पुन्हा तपासावे लागले. आवळा त्याने लहान होत नाही. त्याचा गुण कोणत्या द्रव्यात आहे, एवढंच आपल्याला अधिक नेमकं कळतं.

जिवाणूंची चाचणी तर मुळातच बदलायला हवी, असं मला वाटतं. कोकमाचा रस तीव्र आम्लधर्मी आहे. आगारच्या थाळीत भोक पाडून त्यात तो ओतला की भोवतीचे जिवाणू मरतील आणि सुरेख वर्तुळ दिसेल. तेच वर्तुळ लिंबाच्या रसानेही दिसेल. म्हणून तेवढ्याच पीएचचं सायट्रिक आम्ल शेजारच्या भोकात ठेव, आणि अर्क उदासीन करून वेगळा तपास. आम्ल वजा केल्यावर काही उरलं, तरच पुढे जा. वर्तुळाच्या व्यासापेक्षा वाढ रोखणारी किमान तीव्रता जास्त बोलकी असते, ती काढ.

कर्कपेशींसाठी तू एमटीटी घेतली आहेस. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा फॉर्मझान करतात. पण पॉलिफिनॉल हेच काम पेशींशिवायही करू शकतात, आणि मग मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी नसलेल्या खळग्यांत अर्क आणि एमटीटी एकत्र ठेवून हे आधी पडताळ. टॅनिनयुक्त अर्काने एखादं विकर बंद पडलं म्हणून हरखूनही जाऊ नकोस. टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटतात. २०१० साली बेल आणि होलोवे यांनी अनेक चाचण्यांत खोटा होकार देणाऱ्या रेणूंचे गट प्रसिद्ध केले, त्यात कॅटेकॉल गटही आहे, आणि सायनिडिनच्या रेणूत कॅटेकॉल आहे. तो निबंध मुळातून वाच.

आणि नमुन्यांची संख्या. एकाच अर्काचे तीन वेळा घेतलेले आकडे म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यातून तुझ्या हाताची स्थिरता कळते, कोकमाची विविधता कळत नाही. वेगवेगळ्या झाडांचे वेगवेगळे अर्क हेच खरे नमुने. तसंच, अर्कात गार्सिनॉल मोजण्याआधी शुद्ध गार्सिनॉल ठराविक प्रमाणात अर्कात मिसळून ते पूर्ण परत मिळतं का, ते पाहा. शुद्ध द्रव्य महाग असतं, पण त्याच्याशिवाय आकड्यांना आधार नाही. मार्गदर्शकांशी बोलून अनुदानात त्याची तरतूद आधीच करून घे. दुसऱ्या वर्षी मागायला गेलीस तर मिळणार नाही.

यानंतर जे लिहिते आहे ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फळात द्रव्य सापडणं, ते काचेत काम करणं आणि ते माणसाला गुणकारी असणं, यांत फार मोठं अंतर आहे. हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाच्या बाबतीत ते अंतर जगाने पाहिलं. म्हैसूरच्या शोधानंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे आम्ल एटीपी सायट्रेट लायेज हे विकर रोखतं, आणि शरीरात साखरेपासून चरबी बनण्याच्या मार्गावरचं ते एक महत्त्वाचं विकर आहे. उंदरांवरच्या प्रयोगांतही चरबी कमी झालेली दिसली. तर्क बिनतोड होता. वजन कमी करण्याच्या गोळ्या गार्सिनियाच्या नावाने बाजारात आल्या आणि प्रचंड खपल्या. मग १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ स्थूल व्यक्ती, बारा आठवडे, रोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. तुलनेला खोट्या गोळ्या. दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे गार्सिनिया असलेल्या काही मिश्र गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. मिश्रणातल्या नेमक्या कोणत्या घटकाने ती झाली हे ठरवणं कठीण, पण निरोगी माणसं आजारी पडली, हे खरं. जेवणातलं आमसूल आणि गोळीतला घट्ट अर्क या एकच गोष्टी नव्हेत, हे तुझ्या प्रबंधात मला स्पष्ट शब्दांत लिहिलेलं हवं आहे.

गार्सिनॉलच्या बाबतीतही असंच जप. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की गार्सिनॉल हिस्टोन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज प्रकारची विकरं रोखतं. भारतात झालेलं, नेमक्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारं हे काम आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. त्याचा अर्थ आमसूल खाल्ल्याने कर्करोग बरा होतो असा कुणी काढला, तर त्याला रोखणं हेही तुझं काम. निष्कर्षात 'औषधनिर्मितीस वाव आहे' हे वाक्य सवयीने लिहू नकोस. किती तीव्रतेला परिणाम दिसला आणि तेवढी तीव्रता रक्तात पोहोचणं शक्य आहे का, हे लिही. पोहोचत नसेल तर तेही लिही. नकाराचा निष्कर्ष नीट पुराव्यानिशी छापलास तर पुढच्या विद्यार्थ्याची वर्षं वाचतील.

गावातली माणसं कोकम कशासाठी वापरतात, ते त्यांनाच विचार. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, पोटातही देतात. टाचा भेगाळल्या की भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लावतात. अंगावर पित्त उठतं ते त्वचेतल्या मास्ट पेशींतून हिस्टामाइन सुटल्यामुळे. मग कोकमाचा पाण्यातला अर्क त्या पेशींतून हिस्टामाइन सुटणं कमी करतो का? ही चाचणी करता येते. लोकांचा अनुभव आणि तुझी प्रयोगशाळा यांना जोडणारा असा एक प्रश्न मला डीपीपीएचच्या दहा तक्त्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

पण ज्यांच्याकडून ऐकशील त्यांचं ऋण कागदावरही मान. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईला, महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. काम सुरू करण्याआधी समितीला भेट. नमुने किंवा निष्कर्ष परदेशातल्या सहकाऱ्यांकडे पाठवायची वेळ आली तर परवानगीचा विचार आधी कर, नंतर नव्हे. काम संपलं की निष्कर्ष मराठीत लिहून त्या गावांना दे.

सह्याद्रीतल्या नरक्याचं काय झालं, तेही विसरू नकोस. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या औषधांचं मूळद्रव्य त्या झाडात आहे हे कळलं आणि लाकडासाठी झाडं चोरून तोडली गेली. फळावर काम करणाऱ्याला एक मोठी मोकळीक आहे: झाड न मारता द्रव्य मिळतं. तरीही रानातल्या झाडाची सगळी फळं काढू नकोस. पाखरांना आणि माकडांना ती लागतात, आणि नवी रोपंही त्यांच्यातूनच उगवायची असतात. लागवडीच्या झाडांवर काम भागत असेल तर तेवढ्यावरच भागव.

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस लागला की झाडाखालीच कुजतात. तेव्हा एप्रिल उजाडण्याआधी झाडं निवड, वनस्पतिसंग्रहाचं काम उरक आणि शुद्ध द्रव्यांची मागणी नोंदव. आराखडा नव्याने लिही. पहिल्या ओळीत तुझा प्रश्न असू दे, एकच आणि प्रश्नचिन्हासकट. तो लिहून झाला की बाकीचं पुरं होण्याची वाट न पाहता तेवढी ओळ मला आधी पाठव.

तुझी,
मावशी